मानमोडी आणि विल्हेवाट

२०२१ च्या जानेवारीत दापोलीतील मृत कावळ्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याची बातमी आली. त्या आठवड्यात पोफळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी आपल्या सातही कोंबड्या भर दिवसा डालग्याखाली झाकून ठेवल्या. दापोली इथून जवळ नाही. पण कावळ्याला तालुक्याची हद्द ठाऊक नसते, हे त्यांना पुरते कळत होते. कोंबड्यांना काय झाले, असे विचारले तर म्हणाल्या, मानमोडी आली आहे. बर्ड फ्लू हा शब्द त्यांनी टीव्हीवर चार दिवस ऐकलेला असणार. तरी तो त्यांनी वापरला नाही.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एखादा शब्द असा अडखळवून गेला की तो सहजी सुटत नाही. खेड्यापाड्यांत कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला मानमोडी म्हणतात. रोगट कोंबडीची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते, त्यावरून ते नाव पडले असावे. शास्त्राच्या दृष्टीने आजींचे चुकलेच, कारण राणीखेत आणि बर्ड फ्लू हे दोन निरनिराळ्या विषाणूंचे रोग आहेत. परंतु या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जी जगड्व्याळ साथ आली, तिलाही मराठी मुलखात मानमोडीच म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. २००५ साली त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना उलगडली, तेव्हा पक्ष्यांमधील विषाणूंशी तिचे असलेले साम्य अभ्यासकांसमोर आले. माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच नाव देणाऱ्या त्या पिढीला विषाणू ठाऊक नव्हता. पण दोघांचे अंगण एकच आहे, हे त्या नावात गृहीत होते.

आज या दोन मरणांची सरकारी खाती वेगळी आहेत आणि त्यांचे शब्दही वेगळे आहेत. माणसे दगावतात, कोंबड्यांची विल्हेवाट लावली जाते. या दुसऱ्या शब्दाविषयी, आणि तो ज्या व्यवस्थेतून आला आहे तिच्याविषयी, आम्हांला येथे लिहायचे आहे.

भारतात एच५एन१ हा विषाणू पाळीव कोंबड्यांत प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हा गुजरातच्या सीमेवरचा आदिवासीबहुल तालुका. तेथे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी, भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर, हा बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. कोंबड्या त्याआधीपासूनच मरत होत्या. मरतुक राणीखेतची आहे असे धरले जात होते. जाहीर झाल्यावरही उद्योगातील काहींचा आग्रह राणीखेतचाच होता. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरण्याचा प्रसंग विरळाच. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांमध्ये परसातल्या कोंबड्यांत रोग आढळला. आणि बरोबर पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, रोग पुन्हा नवापुरात आला.

२००६ साली आम्ही नुकतेच एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. त्या दिवसांतली छायाचित्रे अजून डोळ्यांपुढे आहेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसे, पोती, जेसीबीने खणलेले खड्डे, वर पसरलेला चुना. बातम्यांची भाषा मात्र छायाचित्रांपेक्षा निराळी होती. कोंबड्या ‘नष्ट करण्यात आल्या’, त्यांची ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावण्यात आली’. वर्गात आम्ही ‘करण्यात आले’ ही रचना शिकवतो ती सरकारी मराठीचा नमुना म्हणून. कर्ता वाक्यातून अलगद उठून जातो आणि क्रिया तेवढी मागे राहते. विल्हेवाट लावायची ती कचऱ्याची, जप्त मालाची, फार तर जुन्या फायलींची. आणि शास्त्रोक्त हा शब्द तर आपण लग्नमुंजीसाठी राखून ठेवलेला. लाखो जिवंत पाखरे मारून पुरण्याच्या कामाला तो लावताना कुणाचाही हात अडखळला नाही.

गैरसमज नको. रोग फुटल्यावर त्या टापूतील पक्षी मारणे टाळता आले असते, असे आम्ही म्हणत नाही. विषाणू वेगाने पसरतो आणि अशा वेळी याहून वेगळा उपाय त्या अधिकाऱ्यांपुढे नव्हता. ज्या पशुवैद्यांनी आणि मजुरांनी ते काम केले, त्यांनी इतरांच्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. कर्ज काढून शेड उभारणाऱ्याचे डोळ्यांदेखत काय झाले असेल, तेही सांगायला नको. २०२१ मध्ये राज्यात भरपाईचा दर ठरला तो आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये. आमची तक्रार मारण्याच्या त्या चार दिवसांविषयी नाही. त्याआधीच्या दीड वर्षाविषयी आहे, ज्याची बातमी कधीच होत नाही. ज्या प्राण्याला जिवंतपणी आपण प्राणी मानलेच नाही, त्याच्या मरणाला विल्हेवाटीखेरीज दुसरा शब्द सापडणार कोठून?

ते दीड वर्ष कसे जाते, हे पाहू. अंडी उबवणाऱ्या कारखान्यात पिल्लू बाहेर पडले की पहिली निवड नर-मादीची. या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी परवडत नाही. त्यामुळे त्याचे आयुष्य त्याच दिवशी संपते. मादीच्या चोचीचे टोक तापल्या पात्याने कापतात, कारण दाटीत कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात. दाटी कमी करण्याऐवजी चोच कमी करणे, हा या व्यवसायाचा तर्क येथेच स्पष्ट होतो. चारेक महिन्यांची झाली की ती तारेच्या पिंजऱ्यात जाते. पिंजऱ्यांचे मजले एकावर एक. एकीच्या वाट्याला येणारी जागा दीर्घकाळ साधारण ४५० चौरस सेंटिमीटर राहिली आहे. आपण परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापतो, तो ए-४ आकाराचा कागद ६२३ चौरस सेंटिमीटरचा असतो. त्या कागदाएवढ्याही जागेत पंख उघडत नाहीत. पायांखाली माती नाही, तार आहे, आणि तीही उतरती. अंडे पडले की घरंगळत पुढच्या पन्हाळीत जावे म्हणून. आपण घातलेल्या अंड्यावर ही कोंबडी एक क्षणही बसत नाही.

दिवस लांबवला की अंडी वाढतात, म्हणून शेडमध्ये दिव्यांच्या मदतीने दिवस सोळा तासांचा केला जातो. येथे पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे पाणी कोसळून वीज तयार होते आणि राज्याच्या जाळ्यात जाते. तिच्यातली थोडी कोठल्या तरी शेडमधली रात्र पुढे ढकलत असेलच. त्या उजेडात कोंबडी वर्षाला तीनशेवर अंडी घालते. रानातली कोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा घालते. कवचासाठी लागणारा चुना कोंबडी खाद्यातून घेते; तो पुरत नाही तेव्हा स्वतःच्या हाडांतून. म्हणून या कोंबड्यांची हाडे ठिसूळ होतात. दीड वर्षाच्या सुमारास अंडी कमी झाली की ती ‘रिकामी’ ठरते आणि किरकोळ भावाने गाडीत चढते. कोंबडी आणि कोंबणे या शब्दांचा व्युत्पत्तीने संबंध नसेल. व्यवहाराने तो आपण जोडला आहे.

आमच्या घरामागे कुंभार्ली घाटाचे रान चढत जाते. थंडीत पहाटे तेथून रानकोंबड्याची तुटक साद येते. सह्याद्रीतला हा करडा रानकोंबडा. पाळीव कोंबडीचे मुख्य पूर्वज लाल रानकोंबडे, हे जुनेच ज्ञान. पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग मात्र या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकीय अभ्यासातून दिसून आले. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबडीचे पिवळे पाय हे आपल्या घाटाचे देणे आहे. ज्या पायांनी पाचोळा उकरायचा, ते जन्मभर तारेवर उभे आहेत. हे एकदा लक्षात आले की ती कोंबडी केवळ ‘लेअर’ उरत नाही.

आता रोगाकडे येऊ. बर्ड फ्लूची बातमी आली की पहिले बोट स्थलांतरित पक्ष्यांकडे जाते. सैबेरियातून पाहुणे आले आणि रोग घेऊन आले, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धे. इन्फ्लुएन्झाचे विषाणू रानबदकांत आणि पाणपक्ष्यांत फार पूर्वीपासून नांदत आले आहेत; बहुधा सौम्यपणे. त्यांतले काही प्रकार पाळीव कोंबड्यांच्या दाटीत शिरले की त्यांचे रूप पालटू शकते. एकाच वाणाची, एकाच वयाची, थकलेली हजारो शरीरे एका छपराखाली, खाली विष्ठेचे ढीग, हवेत अमोनिया. रानात यजमानाला झटपट मारून टाकणारा विषाणू स्वतःही त्याच्याबरोबर संपतो. शेडमध्ये पुढचा यजमान वीतभर अंतरावर असतो, म्हणून तेथे जहालपणा विषाणूला महाग पडत नाही. आज चर्चेत असलेला एच५एन१ चा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसात सापडला. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना तो झाला आणि ६ दगावली. पुढे तोच जहाल विषाणू पाळीव पक्ष्यांतून रानपक्ष्यांत गेला आणि त्यांच्या पंखांवरून जगभर फिरला. म्हणजे ज्या पाहुण्यावर आपण आळ घेतो, त्याच्या गळ्यात ही मानमोडी आपल्याच अंगणातून पडली आहे.

हा प्रवास थांबलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीत उपचार घेत असलेला एक मुलगा एच५एन१ ने दगावला. भारतातील ते पहिले नोंदलेले मानवी मरण. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये विषाणू आढळला. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि कारण एच५एन१ असल्याचे पुढच्या महिन्यात निष्पन्न झाले. कावळा, कोंबडी, गाय, वाघ, माणूस. खाती कितीही वेगळी असोत, विषाणू ती पाळत नाही.

यावर दोन उत्तरे देता येतात. एक, शेड आणखी बंदिस्त करायचे. जाळ्या, फवारे, कडक प्रवेशबंदी. दुसरे, दाटीच कमी करायची. उद्योगाचा आणि सरकारचा कल पहिल्या उत्तराकडे आहे आणि त्याची गरज आम्ही नाकारत नाही. पण अमेरिकेतील अतिशय बंदिस्त, लाखो कोंबड्यांच्या शेडमध्येही हा रोग शिरलाच, आणि एका ठिकाणी शिरला की लाखोंचा बळी घेऊन गेला. पिंजरामुक्त फार्मही त्यातून सुटले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परसातल्या कोंबड्याही सुटत नाहीत. जळगावचे उदाहरण वर आलेच. पिंजरा काढला की रोग जाईल, असे कोणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा होय. आमचे म्हणणे इतकेच, की दाटी हे रोगाचे सरपण आहे. आणि सरपण रचून ठेवायचे व ठिणगीवर खापर फोडायचे, हे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो गरिबाच्या अंड्याचा. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली. माणशी वर्षाला १०३. इतके स्वस्त आणि इतके सकस अन्न दुसरे कोणते? आमच्या वर्गात सकाळी न जेवता येणारी मुले आहेत. पगारदार प्राध्यापकांनी त्यांच्या ताटातले अंडे महाग करायचे काय? हा प्रश्न आम्हांलाही टोचतो. पण तो विचारणाऱ्यांना आम्हीही एक विचारू. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी राज्याने थांबवला. तेव्हा गरिबाच्या मुलाचे अंडे कोंबडीच्या पंखांमुळे गेले नव्हते. जे अंडे देण्याची खरी निकड आहे, त्याचा खर्च समाजाने उचलावा. तो कोंबडीच्या हाडांतून वसूल करून, स्वस्ताईचे श्रेय मात्र स्वतःकडे घेऊ नये.

तिसरा आक्षेप आमचे शाकाहारी मित्र घेतील: कापून खाणाऱ्यांनी दयेची भाषा कशाला बोलावी? आम्ही कोकणात राहतो; कोंबडी-वडे खातो. राखणीचा कोंबडा येथे दर वर्षी दिला जातो आणि तो देताना कुणाचा हात कापत नाही. परसातल्या कोंबडीचे जिणे गोडगुलाबी असते, असेही नाही. तिला मुंगूस नेते, घार नेते, मानमोडी नेते. पण मरेपर्यंत ती कोंबडी असते. उकिरडा उकरते, धुळीत लोळते, खुडूक बसते, पिल्ले पंखांखाली घेते. मारण्याचा हक्क आपण घेतला, म्हणून जगू न देण्याचाही हक्क आपोआप मिळतो काय? या दोन गोष्टींत फरक आहे, आणि हा फरक करण्यासाठी शाकाहारी असावे लागत नाही.

कायद्याने हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. प्राण्यांना पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. या कायद्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. देहाच्या हालचालीचे मोल जाणणाऱ्या एका नर्तकीने ते करावे, हे साहित्यकलेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१७ च्या जुलैमध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या पालनाचा स्वतंत्र विचार करून नियमांचा मसुदाही दिला. २०१९ च्या केंद्रीय मसुद्यात एका कोंबडीसाठी ५५० चौरस सेंटिमीटर हे माप आले. तो कागद अजूनही तिच्यापेक्षा मोठाच. युरोपीय संघाने साधे पिंजरे २०१२ च्या जानेवारीपासून बंद केले, त्याला तेरा वर्षांची पूर्वसूचना दिली होती. आपल्याकडेही छोट्या शेतकऱ्याला पुरेशी मुदत, कर्ज आणि विमा देऊन हे करता येईल. नुसती बंदी घातली तर नवापूरचा लहान व्यावसायिक मरेल आणि मोठा भांडवलदार तेवढा तरेल; ते आम्हांला नको आहे.

आपण भाषेचे लोक, आपल्या हाती काय आहे? थोडेच, पण आहे. मागच्या वर्षी वर्गात खुडूक हा शब्द आला. चिपळूण तालुक्यातल्या गावांमधून येणाऱ्या चाळीस मुलांपैकी सहा जणांना त्याचा अर्थ सांगता आला. उरलेल्यांना अंडे ठाऊक होते, ‘बॉयलर’ ठाऊक होती. ब्रॉयलरचा आपण बॉयलर केला, त्यात उच्चाराची सोय असेल; पण प्राण्याचे यंत्र झाले, हे त्या चुकलेल्या उच्चाराने अचूक नोंदले आहे. व्यावसायिक जातींमधून खुडूक बसण्याची प्रवृत्ती माणसाने निवड करकरून जवळपास घालवली, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. आधी प्रवृत्ती गेली. मागोमाग शब्द चालला आहे. शब्द राखल्याने कोंबडी सुटत नाही, हे आम्ही जाणतो. पण शब्द गेला की काय गमावले, ते विचारायचेही राहून जाते. म्हणून पुढच्या साथीच्या बातम्या येतील तेव्हा, आणि त्या येतीलच, विद्यार्थ्यांना एवढे तरी करायला सांगावे: ‘विल्हेवाट लावण्यात आली’ हे वाक्य वहीत उतरवून त्यात कर्ता घालून पुन्हा लिहावे. कोणी मारल्या, का माराव्या लागल्या, आणि मरण्याआधी त्या कशा जगत होत्या, ही तीन उत्तरे शोधल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही.

आजींच्या त्या सात कोंबड्यांना तेव्हा काही झाले नाही. आठवड्याने डालगे उचलले गेले. आज त्यांतली एकही उरलेली नाही. दोन पाहुण्यांसाठी गेल्या, एक मुंगसाने नेली, एक पावसाळ्यात आजारून मेली, एक लेकीच्या घरी दिली. उरलेल्या दोघींचे काय झाले, ते आम्ही विसरलो. आजी विसरलेल्या नाहीत.